लहान गाव, 'ओळख' आणि ग्रामीण साहित्य : तेरखेड्याच्या निमित्ताने

मराठी ग्रामीण वाङ्मयाची चर्चा करताना एका टोकाला खेडे आणि दुसऱ्या टोकाला शहर अशी मांडणी गृहीत धरण्याचा प्रघात आहे. खेडे म्हणजे शेती, निसर्ग, बलुतेदारी व बोली. शहर म्हणजे गिरणी, कचेरी, चाळ आणि एकाकीपण. या दोहोंच्या मध्ये जी वस्ती असते, जिला तालुक्याचा मान नसतो परंतु जी निव्वळ शेतकऱ्यांचे खेडेही राहिलेली नसते, तिच्यासाठी समीक्षेने अद्याप धड नावसुद्धा योजिलेले नाही. नाव नाही म्हणून वस्तू नाही असे मात्र होत नाही. धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेरखेडा हे अशा वस्तीचे उत्तम उदाहरण होय.

वाशी तालुक्यातील हे गाव बालाघाटच्या पठारावर, सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्गालगत वसलेले आहे. परिसर अवर्षणाचा आणि शेती पावसावर अवलंबून. तथापि तेरखेड्याची कीर्ती शेतीमुळे झालेली नसून फटाक्यांमुळे झालेली आहे. शोभेच्या दारूचे कारखाने गावाबाहेर, परस्परांपासून अंतर राखून उभे आहेत. हे अंतर कायद्याने घालून दिलेले असते, कारण एका खोलीत ठिणगी पडली तर दुसरी वाचावी. कोरडी हवा हा शेतीचा शाप. कागदाच्या नळ्या वाळविण्यास व दारू भरण्यास तीच सोयीची. तमिळनाडूतील शिवकाशीची कथा याहून निराळी नाही. ज्या घरातून माणूस पेरणीला जातो त्याच घरातून तो फटाक्याच्या कामालाही जातो, आणि दिवाळीला जो आवाज दूरच्या शहरात होतो त्याची पूर्वतयारी इथे काही महिने आधीपासून चाललेली असते. स्फोट झाले आहेत, माणसे गेली आहेत. अशा वेळी वर्तमानपत्रात मृतांचा आकडा येतो. गावात मात्र तो आकडा नसतो, तेथे प्रत्येकाचे नाव, घर आणि नाते ठाऊक असते.

हा शेवटचा मुद्दा प्रस्तुत टिपणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. लहान गावात राहणे म्हणजे सदैव ओळखले जाणे. ही ओळख आसरा देते आणि तीच माणसाला जखडूनही ठेवते. परंतु महामार्गावरील गावात या ओळखीच्या जोडीला एक सर्वस्वी अनोळखी सत्ता नांदत असते. मालाचा भाव, परवान्याचे नियम, दूरच्या गिऱ्हाईकाची हौस यांना चेहरा नसतो. २३ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीत फटाके उडविण्यास रात्री आठ ते दहा अशी दोनच तासांची मुभा ठेवली आणि कमी प्रदूषण करणाऱ्या फटाक्यांपुरतीच विक्री मर्यादित केली. दिल्लीच्या हवेतून उद्भवलेल्या या प्रश्नाचे योग्यायोग्य येथे तपासावयाचे नाही. पण अशा निर्णयाची झळ बालाघाटावरील मजुराला लागते तेव्हा तो कोणाकडे जाऊन बोलणार? सरपंच ओळखीचा असतो, निर्णय ओळखीचा नसतो. ओळखीचे चेहरे आणि अनोळखी शक्ती यांची अशी गाठ जेथे पडते तेथे लहान गावाचे खरे नाट्य असते, आणि ते कोणत्या लेखकाने पकडले याचा शोध घेणे हे समीक्षेचे काम आहे.

ग्रामीण म्हणून गौरविलेल्या अनेक कृतींत ते सापडत नाही, आणि त्यात त्या कृतींचा दोष नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) ही धनगरांची वाडी. तिचे सौंदर्य तिच्या दूरपणातच आहे. मास्तर तेथे चालत जातो. रस्ता तेथवर पोहोचला असता तर ती कादंबरीच उरली नसती. भालचंद्र नेमाडे यांच्या 'बिढार' (१९७५), 'जरीला' (१९७७) आणि 'झूल' (१९७९) या कादंबऱ्यांत आडवळणाच्या गावांतील महाविद्यालये, तेथील संस्थाचालक आणि प्राध्यापक यांचे विदारक चित्र आहे, हे सर्वमान्य आहे. परंतु चांगदेव पाटील हा बिऱ्हाडकरू आहे. गाव असह्य झाले की तो ते सोडतो. सोडून जाऊ शकणाऱ्याला गाव जसे दिसते तसे जाऊ न शकणाऱ्याला दिसत नाही.

या दृष्टीने तेरखेड्याला लागून असलेल्या कळंब तालुक्यातील भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा पुन्हा वाचण्याजोगी आहे. शाळकरी मुलगा बापाबरोबर बाजारात टमाटे विकावयास बसतो. भाव उतरत जातो, उतरतच राहतो. अखेर बाप स्वतःच्याच मालावर उभा राहून तो पायांखाली तुडवितो. या कथेची वाखाणणी बहुधा शेतकऱ्याच्या शोषणाची कथा म्हणून होते. ते खरेच आहे, पण अपुरे आहे. ही घटना शेतात घडत नाही, भर बाजारात घडते, आणि पाहणारा पोटचा मुलगा आहे. भाव पाडणाऱ्याला चेहरा नाही. सगळे बाजारकरी तोच भाव ओरडत आहेत आणि प्रत्येक जण तितकाच अगतिक आहे. उलट बापाला मात्र चेहरा आहे, त्याची अब्रू आहे, आणि ती चारचौघांसमोर जाते. माल मातीमोल झाला याहून तो सर्वांदेखत मातीमोल झाला, हे दुःख मोठे आहे. शहरातील व्यापाऱ्याचे नुकसान वहीत राहते. लहान गावात नुकसान हीसुद्धा सार्वजनिक घटना असते. चंदनशिवांनी याचे कोठेही भाष्य केले नाही, केवळ मुलाला तेथे उभे केले. समीक्षकांनी बोलीच्या अस्सलपणाबद्दल जितके लिहिले त्याच्या चतुर्थांशही या योजनेबद्दल लिहिले असते तर बरे झाले असते.

रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१) ही कादंबरी दुसरी बाजू दाखविते. बोराडे लातूरकडील काटगावचे. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता, तेव्हा हा प्रदेश एकच समजावा. गंगाराम शिंपी शेतकरी नव्हे. त्याच्या हाती कसब आहे, पण गिऱ्हाईक मोजके आणि सगळे परिचित. त्यामुळे गावातील वजनदारांशी वाकडे येणे म्हणजे त्याला केवळ वैर नसते. तो धंद्याचा आणि संसाराचा पाया निखळण्याचा प्रसंग असतो. येथे सगळी सत्ता ओळखीची आहे, म्हणूनच तिच्यापासून सुटका नाही. निवेदन पारबतीचे, त्याच्या बायकोचे. घराच्या उंबरठ्याआड बसून तिला गाव जेवढे ऐकू येते तेवढेच वाचकाला कळते. ही मर्यादा हेच या कृतीचे सामर्थ्य आहे. मात्र बाजाराची अदृश्य सत्ता तिच्या कक्षेत येत नाही. त्या अर्थाने 'पाचोळा' आणि 'लाल चिखल' एकमेकांना पूरक आहेत.

ओळखीचा तिसरा आणि सर्वांत दाहक अर्थ मात्र ग्रामीण म्हणविल्या जाणाऱ्या साहित्याच्या बाहेर सापडतो. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) अक्कलकोट तालुक्यातील हन्नूरचे एस. टी. स्टँड हे कुटुंबाचे घर आहे. दादा तेथे हमाली करतो आणि रात्री तीच निजण्याची जागा. ज्या स्थळाने गाव जगाशी जोडले जाते, जेथून इतर लोक निघून जातात, तेथेच एक कुटुंब मुक्कामाला आहे. मुलाचा बाप कोण हे गावाला ठाऊक आहे. शाळेच्या दप्तरात बापाचे नाव काय लावावयाचे हा प्रश्न तरी सुटत नाही. सर्वांना माहीत असलेली आणि कोणीही मान्य न केलेली अशी ही ओळख आहे. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'त (१९८७) तर ओळख म्हणजे पोलिसांची नोंद. ज्या बाजारात चंदनशिवांचा बाप अब्रू गमावतो त्याच प्रकारचा बाजार उचल्यांच्या पोटाचे साधन आहे. एकाच गर्दीकडे पाहण्याचे हे दोन डोळे शेजारशेजारच्या मुलखातून आले आहेत.

विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत मात्र 'लाल चिखल' आणि 'पाचोळा' ग्रामीण साहित्याच्या सदरात, तर 'अक्करमाशी' आणि 'उचल्या' दलित साहित्याच्या किंवा आत्मकथनाच्या सदरात जातात. ही वर्गवारी ज्या चळवळींतून आली त्यांना ऐतिहासिक प्रयोजन होते. १९७० नंतर आनंद यादव आदींनी ग्रामीण साहित्याचा आग्रह धरला नसता तर चंदनशिवांसारख्या लेखकाला वाचक मिळावयास कदाचित अधिक काळ लागला असता. पण या विभागणीमुळे बाजार एका प्रश्नपत्रिकेत आणि स्टँड दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत गेले, आणि ज्या गावात ते दोन्ही एकाच चौकात असतात ते गाव अभ्यासातून निसटले.

तेरखेड्यासारख्या गावावर कादंबरी लिहावयाची झाल्यास लेखकाला या चारही कृतींचे ऋण मानावे लागेल. दारू भरणाऱ्या हातांचे कसब त्याला बोराड्यांप्रमाणे कळले पाहिजे. कोणत्या जातीचा माणूस सर्वांत धोक्याच्या खोलीत बसतो हे विचारण्याचे धैर्य लिंबाळे-गायकवाडांकडून घ्यावे लागेल. आणि न दिसणाऱ्या गिऱ्हाईकाची उपस्थिती कशी जाणवून द्यावी हे चंदनशिवांकडून शिकावे लागेल. बोलीचा प्रश्न त्यानंतरचा. महामार्गावरील बोलीत ट्रकचालकांची हिंदी आणि परवान्याच्या कागदांतील इंग्रजी शब्द मिसळणारच. ते गाळून 'शुद्ध' मराठवाडी बोली लिहू पाहणारा लेखक गावाला पुन्हा बनगरवाडीइतके दूर नेऊन ठेवील.