खाँसाहेबांचे कान

‘कट्यार काळजात घुसली’ म्हटलं की लोकांना गर्जणारे खाँसाहेब आठवतात. मला ते ऐकणारे म्हणून जास्त महत्त्वाचे वाटतात. पंडित भानुशंकरांचं गाणं नेमकं किती मोठं आहे, हे विश्रामपूरच्या दरबारात त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? मत्सराला असे तयार कान लागतात.

पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक १९६७ सालचं. पीटर शॅफरचं ‘अमेडिअस’ १९७९मध्ये आलं, आणि दोघांची तुलना करायचा मोह होतोच. पण तिथला सालिएरी सामान्य वकुबाचा आहे आणि ते त्याला ठाऊक आहे. त्यामुळे आपण सुटतो, बिचारा म्हणून मोकळे होतो. खाँसाहेबांच्या बाबतीत ही सोय नाही. रंगमंचावर वसंतराव देशपांडे गात असताना या माणसात काही कमी आहे, असं म्हणणार कोण? त्यांच्याकडे सगळं आहे, फक्त ते एकटे नाहीत. दोघांतला एक असणं त्यांना सोसत नाही.

म्हणूनच २०१५च्या चित्रपटाबद्दल माझी तक्रार आहे. तिथे पंडितजींना शेंदूर खाऊ घालते ती खाँसाहेबांची बायको. पाप परस्पर दुसऱ्याच्या हातून होतं आणि मत्सर बराचसा स्वच्छ राहतो. (गाणी मात्र मेट्रोत मी अजून ऐकतो. बेलपाडा स्टेशन येईपर्यंत दोन होतात.) माझ्या मते खरी हिंसा शेंदरात नाहीच, ती सदाशिवला विद्या नाकारण्यात आहे. आपलं वेगळेपण टिकवायला माणूस आपलीच गायकी कुलपात घालतो.

हे मला सुचलं त्याला कारण आहे. ऑफिसात एक किचकट मोड्यूल फक्त मलाच कळायचं. रात्री अकरालाही फोन यायचे, मी वैतागायचो आणि आतून सुखावायचो. मग एका नव्या मुलाने ते सगळं सोपं करून नव्याने लिहिलं. त्याचा कोड रिव्ह्यूला माझ्याकडे आला. मी ओळ न् ओळ वाचली, इतकं मन लावून मी स्वतःचाही कोड कधी वाचला नव्हता. बावीस कॉमेंट टाकल्या. त्यातल्या तीन कामाच्या होत्या.

उरलेल्या एकोणीस मी दुसऱ्या दिवशी पुसल्या. तोवर त्याने त्यातल्या अकरा दुरुस्त करून ठेवल्या होत्या, खाली ‘थँक्यू दादा’ लिहून.