वापर आणि वावर

नगररचनाकाराचा आराखडा हा वाङ्मयीन टीकेचा विषय होऊं शकतो काय, असा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या मनांत हा लेख हातीं घेतांच उभा राहील. आमचें उत्तर असें कीं, तो होऊं शकतो, इतकेंच नव्हे, तर झालाच पाहिजे. कादंबरी वाईट निघाली तर वाचक ती बाजूस सारतो. फार झालें तर त्याचे चार तास फुकट जातात. परंतु आराखड्यांतलें एक वाक्य वाईट निघालें, तर त्या वाक्यांत लक्षावधि माणसांस जन्मभर राहावें लागतें. माणसांवर इतका अंमल गाजविणारें वाक्य टीकाकारानें वाचावयाचें नाहीं, तर मग वाचावयाचें तरी काय?

या शास्त्रांत 'जमिनीचा वापर' हा शब्दप्रयोग रूढ आहे. निवासी वापर, व्यापारी वापर, औद्योगिक वापर आणि अलीकडे ज्याची फार वाखाणणी होते तो 'मिश्र वापर'. आतां वापर हा शब्द भांड्याला शोभतो, कपड्याला शोभतो. वस्तु वापरावयाची म्हणजे तिच्यापासून आपलें काम करून घ्यावयाचें, आणि काम संपतांच ती फळीवर ठेवून द्यावयाची किंवा मोडींत काढावयाची. याच शब्दाच्या शेजारीं आपल्या भाषेंत दुसरा एक शब्द आहे, तो 'वावर'. देशावर आणि वऱ्हाडांत वावर म्हणजे शेत. इतरत्र वावर म्हणजे एखाद्या ठिकाणीं माणसाचें नित्याचें येणें-जाणें, असणें. हे दोन शब्द मूळचे एक कीं दोन, हा व्युत्पत्तीचा वाद आम्ही येथें काढीत नाहीं. कसणारी जमीन आणि माणसाचा राबता यांना आपल्या भाषेंत एकच उच्चार मिळाला आहे, एवढें आम्हांस पुरे. मुंबईच्या गिरणगांवाचें पुढें काय करावें याचा विचार ज्यांनीं केला त्यांनीं वापर मोजला, वावर मोजला नाहीं; हें आमचें म्हणणें, आणि तें सिद्ध करण्याचा यत्न आम्ही पुढें करणार आहों.

वापर निरनिराळे करावे ही कल्पना मूळची दुष्टपणाची नव्हती, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. कारखान्यांच्या शहरांत धूर, घाण व रोगराई माजली तेव्हां कामाची जागा वेगळी आणि निजण्याची जागा वेगळी, हा उपाय सुज्ञांस सुचला. १९३३ सालीं युरोपांतील नव्या वास्तुशास्त्रज्ञांच्या परिषदेनें शहराचीं चार कार्यें ठरविलीं : निवास, काम, विश्रांति आणि रहदारी. तेव्हांपासून नकाशावरील प्रत्येक तुकड्यास एकेक रंग देण्याच्या पद्धतीस शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली. पुढें १९६१ सालीं अमेरिकेंत जेन जेकब्स या विदुषीनें या पद्धतीवर कडाडून हल्ला चढविला. शहराच्या भागांत एकाहून अधिक मुख्य कामें चाललीं पाहिजेत, म्हणजे निरनिराळ्या वेळीं निरनिराळ्या कारणांनीं माणसें रस्त्यावर येतील, आणि त्या येण्याजाण्यानेंच रस्ता जिवंत व निर्भय राहील, असें तिचें प्रतिपादन होतें. परंतु मुंबईकरांस हा विचार परदेशांतून उसना आणण्याचें कारण नव्हतें. १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र या विषयाच्या अध्यासनावर पॅट्रिक गेडीस हे पहिले प्राध्यापक म्हणून आले होते. आणि स्थळ, काम व लोक हीं तीन अंगें एकमेकांपासून तोडून पाहूं नयेत, हें तर त्यांच्या शिकवणुकीचें सारच होतें.

गेडीस मुंबईंत शिकवीत होते तेव्हां त्यांच्या या सूत्राचें जितेंजागतें उदाहरण त्यांच्या विद्यापीठापासून दोन-तीन कोसांवर नांदत होतें. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं ताडदेव येथें स्थापिलेल्या गिरणीपासून ज्या उद्योगाचा आरंभ झाला, त्याच्याभोंवतीं परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी, शिवडी या भागांत एक गांवच वसलें होतें. गिरणीच्या भिंतीला लागून चाळ, चाळीच्या तळमजल्यावर वाण्याचें दुकान, पिठाची गिरणी आणि न्हाव्याची खुर्ची. वरच्या मजल्यावर खानावळ. कोंकणांतून व घाटावरून एकट्या आलेल्या कामगारांना जेवूं घालणाऱ्या त्या खानावळींतील बायांचा हिशेब कोणत्याहि नकाशांत नव्हता. नगररचनाकारानें ती खोली 'निवासी' म्हणून रंगविली असती. खरें पाहतां ती एकाच वेळीं घर, कारखाना आणि दुकान होती. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून याच बायांस संघटित केलें, तेव्हां कुठें जगाला कळलें कीं, हाहि एक उद्योग होता. गिरणीचा भोंगा होई, एक पाळी सुटे, दुसरी भरे. एकाच अंथरुणावर दोन पाळ्यांचे दोन गडी आळीपाळीनें निजत. रस्ता कोणत्याहि प्रहरीं ओस पडत नसे. लालबागच्या गणपतीची कथाहि अशीच आहे. तेथील बाजार १९३२ सालीं बंद पडल्यावर बाजाराला कायमची जागा मिळावी म्हणून कोळ्यांनीं व व्यापाऱ्यांनीं नवस केला, आणि तो फळास आल्यावर १९३४ सालीं मूर्ति बसविली. ज्या देवापुढें आज लाखोंची रांग लागते, त्याच्या उगमाशीं जमिनीच्या वापराचाच एक तंटा आहे!

या चित्रावर आम्हीं रम्यतेचा रंग चढवावा, असा मोह कोणास होईल; परंतु तें अप्रामाणिकपणाचें होईल. सरकारच्या विकास खात्यानें १९२० नंतर बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची, आणि शौचकूप मजल्याला सामाईक. सूतखात्यांतील कापसाचे कण छातींत जाऊन कित्येकांच्या फुप्फुसांची चाळण झाली. जो नियोजनकार म्हणेल कीं हें असेंच ठेवा, तो निर्दय होय. प्रश्न ठेवण्याचा नव्हताच. काय काढावें आणि काय राखावें, हा होता.

हा प्रश्न निकडीचा झाला तो १९८२ सालीं. त्या वर्षीं १८ जानेवारीस दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगारांनीं संप पुकारला. तो संप रीतसर कधीं संपलाच नाहीं, विरून गेला. गिरण्या एकामागून एक बंद पडूं लागल्या आणि शहराच्या ऐन मध्यावर सुमारें सहाशें एकर जमीन विचारार्थ मोकळी होण्याच्या मार्गाला लागली. नियोजनकारांच्या तागडींत त्या वेळीं तीन दावे होते. मालक म्हणत, जमीन विकूं द्या, त्या पैशांतून देणीं फेडूं व गिरण्या नव्या करूं. कामगार म्हणत, काम द्या, नाहीं तर निदान घर द्या. आणि श्वास घ्यावयास मैदान नसलेलें शहर मुकेपणानें जागा मागत होतें.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलींतील ५८ वा नियम हा या तिन्ही दाव्यांचा निवाडा होता, आणि आमच्या मतें तो शहाणपणाचा निवाडा होता. ढोबळ मानानें बोलावयाचें तर गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश महापालिकेस मैदानांसाठीं, एक तृतीयांश म्हाडास सार्वजनिक घरांसाठीं आणि एक तृतीयांश मालकास, अशी ती वांटणी होती. पुढें १९९६ सालीं चार्ल्स कोरिया यांच्या समितीनें त्याहि पुढची गोष्ट सांगितली : प्रत्येक गिरणीचा तुकडा वेगळा न पाहतां सगळ्यांचा मिळून एकत्र विचार करा, म्हणजे मोकळ्या जागाहि सलग मिळतील. पण मालकांस या वांटणींत नफा दिसेना, आणि जमीन कुलुपाआड पडून राहिली. मग २००१ सालीं नियमांत दुरुस्ती झाली. वांटणी कायम राहिली, तृतीयांशहि कायम राहिले; बदलला तो ज्याची वांटणी करावयाची त्या वस्तूचा अर्थ. पूर्वीं इमारती पाडल्यावर जी जमीन मोकळी होईल तीहि वांटणींत धरली जाई. आतां मूळचीच जी मोकळी असेल तेवढीच धरावयाची असें ठरलें. गिरण्यांच्या आवारांत मूळची मोकळी जागा ती किती असणार? शेड, गोदामें आणि चिमण्या यांनीं आवार भरलेलें. तेव्हां तृतीयांश खरे, पण चतकोराचे!

टीकाकाराची दृष्टि येथें उपयोगी पडते असें आम्ही म्हणतों. 'मोकळी जमीन' या दोन शब्दांवर एका शहराचें भवितव्य तोललें गेलें. दुरुस्ती करणारांनीं एकहि आकडा खोडला नाहीं. म्हणून सामान्य वाचकाला कांहीं बदललें असें वाटलेंच नाहीं. २००५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें पर्यावरणवाद्यांच्या अर्जावर या शब्दांचा व्यापक अर्थ लावून शहराचा वांटा राखूं पाहिला. १९ व्या शतकापासून कामगारांच्या घामानें भिजलेल्या त्या जमिनीला क्षणभर आशा वाटली. परंतु मार्च २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय रद्द ठरवून दुरुस्ती उचलून धरली. कायद्याच्या दृष्टीनें तेथें विषय संपला. भाषेच्या दृष्टीनें तो संपत नाहीं. जी जमीन शतकाहून अधिक काळ माणसांच्या वावरानें भरलेली होती, तिची किंमत ठरवितांना केवळ 'मोकळी' आणि 'व्यापलेली' एवढे दोनच शब्द नियमाजवळ होते. वावराला तेथें शब्दच नव्हता. आणि ज्याला शब्द नाहीं त्याला वांटा मिळत नाहीं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. आज त्या भागांत कचेऱ्या आहेत, दुकानें आहेत, उपाहारगृहें आहेत, चाळीस-पन्नास मजल्यांचीं घरेंहि आहेत. हा मिश्र वापर नव्हे तर काय? आमचें उत्तर असें कीं, डाळ आणि तांदूळ एका ताटांत शेजारीं-शेजारीं ठेवले म्हणजे खिचडी होत नाहीं. मनोऱ्यांत राहणारा त्या कचेरींत काम करीत नाहीं, कचेरींत काम करणारा त्या मनोऱ्यांत राहूं शकत नाहीं, आणि दोघांना चहा आणून देणारा पोऱ्या दोन तासांच्या लोकलच्या प्रवासावर राहतो. वापर मिसळले, माणसें मिसळलीं नाहींत. हा दोष केवळ भावनेचा नव्हे. कामगार चालत गिरणींत जात. नव्या कचेऱ्यांचे हजारों नोकर आगगाडीनें येऊं लागले, आणि रेल्वेचा पूल मात्र जुन्या गांवाच्या मापाचा राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं एल्फिन्स्टन रोड आणि परळ या स्थानकांना जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसें मेलीं. त्याच वर्षाच्या २९ डिसेंबरला, मध्यरात्र उलटल्यावर, कमला मिलच्या आवारांतील गच्चीवरच्या उपाहारगृहांस आग लागून १४ माणसें दगावलीं. या दोन अपघातांचीं तात्कालिक कारणें निरनिराळीं होतीं हें आम्ही जाणतों. परंतु जमिनीवर काय बांधावें याची मोजदाद झाली, आणि तेथें कोण, किती, कोठून येतील व संकटांत कोठून बाहेर पडतील याची झाली नाहीं, ही उणीव दोन्हींच्या मुळाशीं आहे. वावर न मोजण्याची किंमत शेवटीं माणसांनीं भरली.

आणि जे त्या गांवांतून उठले त्यांचें काय झालें? घरासाठीं कामगारांचे व त्यांच्या वारसांचे दीड लाखांच्या आसपास अर्ज आले. २०१२ सालच्या सोडतींत घरें होतीं सातहजारांच्याहि आंत. परंतु आकड्यांनीं जें कळत नाहीं तें जयंत पवार यांच्या 'अधांतर' या १९९७ सालच्या नाटकानें सांगितलें आहे. चाळींतल्या एका खोलींत संपानंतरचें गिरणीकामगाराचें कुटुंब. आई घर सांवरते आहे, मुलें मोठीं झालीं आहेत, आणि बाप ज्या दारानें कामावर जाई त्या दारापलीकडे मुलांना जाण्याजोगी जागाच उरलेली नाहीं. एकाचा पाय गुंडगिरीकडे वळतो, दुसरा नुसता दिवस ढकलतो. खोली तीच, भिंती त्याच. नियोजनकाराच्या नकाशावर तिचा रंगहि तोच निवासी. गेला आहे तो खोलीचा आणि बाहेरच्या जगाचा धागा. नाटककारानें नियोजनशास्त्राचा एकहि शब्द न उच्चारतां जी टीका केली आहे, ती त्या शास्त्रावरील आमच्या भाषेंतील सर्वांत मर्मभेदी टीका होय, असें आम्ही समजतों.

ही चर्चा आतां निरर्थक आहे, जें व्हावयाचें तें होऊन गेलें, असें कोणी म्हणेल तर तें खरें नाहीं. बीडीडी चाळींची पुनर्बांधणी चालू आहे आणि १६० चौरस फुटांच्या जागीं रहिवाशांस ५०० चौरस फुटांचें घर द्यावयाचें ठरलें आहे. हा लाभ मोठा आहे. त्याला नाकें मुरडणारांनीं आठ दिवस सामाईक नळावर पाणी भरून पाहावें. परंतु त्या उंच इमारतीच्या तळाशीं पिठाची गिरणी, शिंप्याचें यंत्र आणि पोळी-भाजीचा डबा करून देणारी बाई यांना जागा आहे काय, आणि देखभालीचा मासिक खर्च तिला झेपणार आहे काय, हे प्रश्न घराच्या क्षेत्रफळाइतकेच महत्त्वाचे आहेत.

म्हणून आमची सूचना साधी आहे. कोणत्याहि भागाचा आराखडा मंजूर करण्यापूर्वीं त्याच्या नकाशाला दोन आकड्यांची जोड द्यावी. या भागांत रात्रीं निजणाऱ्यांपैकीं किती जण पायीं कामाला जाऊं शकतील, हा पहिला. आणि येथें दिवसा राबणाऱ्यांपैकीं कितींना येथें निजणें परवडेल, हा दुसरा. हे दोन आकडे काढण्यास फार मोठें शास्त्र लागत नाहीं. ते काढले असते तर २००१ ची ती दुरुस्ती इतक्या निमूटपणें पार पडली नसती. आणि नियमांची भाषा लिहिणारांस आमची एवढीच विनंति कीं, जमिनीला वापर असतो हें त्यांनीं खुशाल लिहावें. पण ज्यांच्या पायांखालीं ती आहे त्यांचा तिच्यावर वावर असतो, हेंहि एका कलमांत लिहून ठेवावें.