पाणसळ आणि रिकामे आसन : समतेच्या दोन प्रतीकांचा विचार

फ्रीमेसन लॉजमध्ये गवंड्याचा गुण्या सदाचाराचे, कंपास संयमाचा आणि पाणसळ समतेचे प्रतीक ठरते. मुंबईत १८४३ मध्ये भारतीयांसाठी 'रायझिंग स्टार' हे लॉज निघाले. तथापि लाहोरच्या लॉजवरील किपलिंगच्या 'द मदर लॉज' या कवितेत ही समता उंबरठ्यापुरतीच आहे: बाहेर 'सर', आत 'ब्रदर', आणि जातिनियमांमुळे सहभोजन नाहीच. कवी हे खेळकरपणे नोंदवतो, हे खटकते.

अमरावती जिल्ह्यातील मोझरीच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना म्हणूनच तुलनेस घ्यावीशी वाटते. येथे समोर मूर्ती नसते, रिकामे आसन असते. दीक्षाविधी नाही, गुप्त खूणही नाही. तुकडोजी महाराजांची ४१ अध्यायांची 'ग्रामगीता' (१९५५) ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य हे विषय साऱ्या गावासमोर मांडते. लॉजमधील प्रतीकाचा अर्थ पायरीपायरीने उलगडतो. आसनाचा अर्थ प्रार्थनेस प्रथमच बसलेल्यालाही तितकाच खुला असतो.