मुलाला आधीच माहीत असतं: घरातलं व्यसन आणि मुलांची ग्राफिक नॉव्हेल



आजचा विषय मला प्रश्नाच्या रूपातच दिला गेला आहे. मुलांसाठीच्या ग्राफिक नॉव्हेलमध्ये, म्हणजे आपण ज्याला चित्रकादंबरी म्हणू, त्यात घरातल्या माणसाच्या व्यसनाबद्दल लिहावं की लिहू नये? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला अंदाज बांधत बसावं लागणार नाही. लिहावं. पण हे "लिहावं" बिनशर्त नाही. ती शर्त कोणती, ती कुठून येते, हे सांगण्यासाठी मी उभा आहे.

सुरुवात प्लेटोपासून करतो. तत्त्वज्ञानाच्या माणसाची ही खोड आहे, चालवून घ्या. 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या प्रकरणात सॉक्रेटिस मुलांना कोणत्या गोष्टी सांगाव्यात याची चर्चा करतो. तिथे उदाहरण येतं युरेनस आणि क्रोनस या बापलेकांचं. बाप मुलांचा छळ करतो, मुलगा बापावर सूड उगवतो. सॉक्रेटिस म्हणतो, ही गोष्ट खरी असली तरी कोवळ्या मुलांना ती सहजासहजी सांगू नये. शक्यतो गप्पच राहावं. सांगणं भागच पडलं तर अगदी थोड्यांना, गुपित म्हणून सांगावं, आणि तेही मोठा, दुर्मीळ बळी द्यायला लावून, म्हणजे ऐकणारे आणखी कमी होतील.

आता लक्षात घ्या, प्लेटोनं निवडलेलं उदाहरण युद्धाचं नाही, चोरीमारीचं नाही. ते घरातलं आहे. आई-बाप वाईट वागतात ही गोष्ट मुलाच्या कानावर पडू नये, अशी त्याची इच्छा आहे. आज शाळेत एखादा पालक येऊन म्हणतो, "हे पुस्तक कपाटातून काढा", तेव्हा तो नकळत प्लेटोचीच बाजू मांडत असतो. ती बाजू मूर्खपणाची नाही. पण तिच्यात एक गृहीतक आहे. ते असं की मुलाला अजून काही माहीत नाही आणि गोष्ट सांगितली की माहीत होईल. ज्या घरात बाप किंवा आई किंवा मोठा भाऊ व्यसनात आहे, तिथे हे गृहीतक पहिल्याच दिवशी कोसळतं. त्या मुलाला सगळं माहीत असतं. जिन्यावरच्या पावलांच्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार हे त्याला कळतं. त्याच्याकडे माहिती भरपूर असते. त्याला शब्द मिळालेले नसतात, आणि बोलायची परवानगी नसते.

म्हणजे प्लेटोचा "गुपित म्हणून सांगा" हा तोडगा त्या घरात आधीच लागू झालेला आहे. गुपित हाच तिथला कायदा आहे.

आता कॉमिक्सकडे येतो. अमेरिकेत 1954 साली प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली, कॉमिक्स कोड. त्या संहितेखाली अमली पदार्थांचा विषयच वर्ज्य मानला जात होता. पुढे सरकारच्या आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्यानं स्टॅन ली यांना पत्र लिहून विचारलं की, मुलं तुमचं वाचतात, तर व्यसनाच्या धोक्याबद्दल काही लिहा ना. ली यांनी 1971 मध्ये 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या 96 ते 98 या अंकांत ते कथानक आणलं. संहितेच्या मंडळानं शिक्का नाकारला. अंक शिक्क्याविना छापले गेले. त्याच वर्षी संहिता बदलली आणि मग 'ग्रीन लँटर्न'च्या 85 आणि 86 व्या अंकांत ग्रीन ॲरोचा तरुण साथीदार स्पीडी हेरॉइनच्या आहारी गेलेला दाखवता आला.

पण बदललेल्या संहितेत अट काय होती? व्यसन दाखवायचं तर केवळ एक घातक वाईट सवय म्हणूनच दाखवायचं. आज ती संहिता अस्तित्वात नाही, पण ही अट आपल्या डोक्यात शिल्लक आहे. पुस्तकानं व्यसनाचा निषेध केला की ते मुलांसाठी योग्य, असं आपण मानतो. मला ही अट अपुरी वाटते. शेजारच्या माणसाचं व्यसन वाईट सवय म्हणून पाहता येतं. आईचं व्यसन तसं पाहता येत नाही, कारण ती आई असते. मुलाला तिचा राग येतो आणि त्याला तिची वाटही पाहायची असते. या दोन भावना एकाच पानावर नांदू देणारं पुस्तक हवं. निव्वळ निषेधाचं पुस्तक मुलाला सांगतं की तुझं प्रेम चुकीच्या जागी आहे.

या कसोटीवर दोन पुस्तकं पाहू.

पहिलं, 'सनी साइड अप', 2015 सालचं. जेनिफर होल्म आणि मॅथ्यू होल्म या भावंडांनी केलेलं. काळ आहे 1976 चा उन्हाळा. दहा वर्षांच्या सनीला पेनसिल्व्हेनियातल्या घरातून एकदम फ्लोरिडाला आजोबांकडे पाठवलं जातं, म्हाताऱ्यांच्या वसाहतीत. का पाठवलं, हे वाचकाला लगेच सांगत नाहीत. एकीकडे फ्लोरिडातले कंटाळवाणे आणि मजेदार दिवस, दुसरीकडे मागच्या काही महिन्यांचे तुकडे. त्या तुकड्यांत तिचा मोठा भाऊ डेल हळूहळू बदलत जाताना दिसतो. आजोबा सिगारेट सोडल्याचं सांगतात आणि घरभर पाकिटं लपवतात. ती सनीला सापडत राहतात. तिथल्या एका मुलाबरोबर ती सुपरहिरोंची कॉमिक्स वाचते, आणि या सगळ्या हिरोंकडेही गुपितं असतातच!

या पुस्तकाची ताकद त्याच्या माध्यमात आहे. चित्रकादंबरीत दोन चौकटींच्या मध्ये एक रिकामी पट्टी असते. स्कॉट मॅक्लाउड यांनी 1993 च्या 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स'मध्ये या पट्टीचं फार चांगलं विवेचन केलं आहे. त्या रिकाम्या जागेत काय घडलं हे वाचक स्वतः भरतो. आता विचार करा. ज्या मुलाच्या घरी असं काही नाही, तो ती जागा साध्या अंदाजानं भरेल आणि पुढे जाईल. ज्याच्या घरी आहे, तो ती स्वतःच्या अनुभवानं भरेल. एकच पान दोन मुलं आपापल्या वकुबानं वाचतात. सिनेमा पाहताना दृश्य आपल्या अंगावर येतं, त्याचा वेग आपल्या हातात नसतो. इथे पान उलटणं मुलाच्या हातात आहे. त्याला थांबता येतं, मागे जाता येतं, पुस्तक मिटताही येतं. "मुलांना झेपणार नाही" म्हणणाऱ्यांनी या गोष्टीचा पुरेसा विचार केलेला नाही असं मला वाटतं.

आणि शेवटी सनीच्या मनातलं बाहेर पडतं. तिला वाटत असतं की जे झालं त्यात आपलीच चूक आहे. आजोबा तिला सांगतात की तुझी चूक नाही. माझी तक्रार असेल तर ती एवढीच की हा उलगडा थोडा नीटनेटका आहे. इतके दिवस साचलेलं एका संभाषणात जरा लवकर मोकळं होतं. पण सांगितलेली गोष्ट खरी आहे आणि मोलाची आहे. व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांचे जे स्वमदत गट आहेत, अल-अनॉन आणि 1957 पासून किशोरवयीनांसाठीचं अलाटीन, तिथे तीन वाक्यं शिकवतात. हे मी घडवलेलं नाही. हे मला आवरता येणार नाही. हे मला बरं करता येणार नाही. मुलाच्या दृष्टीनं ही तीन वाक्यं म्हणजे सुटका आहे.

दुसरं पुस्तक 'हे, किडो', 2018 सालचं, जॅरेट क्रोसोच्का यांचं. ते त्या वर्षी अमेरिकेच्या नॅशनल बुक ॲवॉर्डच्या अंतिम यादीत होतं. हे आत्मकथन आहे आणि सनीपेक्षा थोड्या मोठ्या मुलांसाठी, बारा वर्षांपुढच्यांसाठी आहे. जॅरेटची आई लेस्ली हेरॉइनच्या आहारी गेलेली. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी आजी-आजोबांनी त्याला वाढवलं. आजी-आजोबा काही देवमाणसं म्हणून रंगवलेले नाहीत. आजी पिते, सिगारेट ओढते, तिच्या तोंडात शिव्या असतात. पण ती दोघं घरात असतात. रोज असतात. मुलाला सांभाळायला निर्दोष माणूस लागत नाही, हजर असलेला माणूस लागतो, हे या पुस्तकानं कुठेही भाषण न देता दाखवलं आहे.

या पुस्तकात करड्या आणि विटकरी-नारिंगी छटा आहेत, बाकी रंग जवळजवळ नाहीत. आणि मधूनमधून खरी कागदपत्रं आहेत. आईनं पाठवलेली पत्रं, तिनं काढलेली चित्रं, आजीच्या घरातल्या भिंतीवरच्या कागदाची नक्षी. आईलाही चित्रकला येत होती. तिच्या व्यसनानं ज्या मुलाला सोडलं, त्याच मुलाला तिच्या हातानं चित्रं धाडली. पुस्तक प्रसिद्ध होण्याआधीच अमली पदार्थांच्या अतिमात्रेनं ती वारली. म्हणजे "शेवटी सगळं ठीक झालं" हा शेवट लेखकाला उपलब्धच नव्हता, आणि त्यानं तो ओढूनताणून आणलाही नाही. 1971 च्या संहितेत "घातक सवय" या शब्दांपलीकडे जे जाऊ शकलं नसतं, ते इथे पानावर आहे.

तरी या पुस्तकावरही माझा एक आक्षेप आहे. जॅरेटला चित्रकला तारते. आजोबा त्याला वूस्टरच्या कला संग्रहालयातल्या वर्गाला घालतात, तो चित्रकार होतो, आज तो नामवंत आहे. हे त्याच्या बाबतीत खरं आहे, त्यात खोट काढता येणार नाही. पण अशी आत्मकथनं बहुधा तरून गेलेल्यांचीच छापली जातात. ज्याच्या हातात कला नाही आणि ज्याला आजोबा नाहीत, त्या मुलाला असं वाटू शकतं की सुटायचं तर आपणही कोणीतरी असामान्य असायला हवं. एका पुस्तकानं हा प्रश्न सुटत नाही. म्हणून असं एकच "आदर्श" पुस्तक असू नये, वेगवेगळी पुस्तकं असावीत.

आता आपल्याकडे वळतो, कारण इथे बसलेल्यांच्या मनात 'एकच प्याला' आलं असणारच. गडकऱ्यांचं हे नाटक 1919 मध्ये रंगभूमीवर आलं. मराठी माणसाच्या मनात दारूचं जे चित्र आहे ते बऱ्याच अंशी सुधाकर आणि सिंधू यांनी घडवलेलं आहे. त्या घरात एक मूलही आहे, तान्हं. दारूच्या नशेत बापाच्याच हातून ते मरतं. त्या मुलाचं नाटकातलं काम काय? बापाचा अधःपात किती खोल गेला हे दाखवणं. तान्ह्या मुलाला बोलता येत नाही हे खरंच, आणि शोकांतिकेच्या दृष्टीनं ती योजना प्रभावी आहे. पण आपण दारूची गोष्ट सांगताना पुढेही कितीदा हेच केलं, याचा विचार करा. रडणारी बायको, उपाशी पोरं. पोरं म्हणजे पुरावा. चित्रकादंबरीनं बदल केला तो इथे. तिनं मुलाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून काढून निवेदकाच्या जागी बसवलं.

म्हणून माझी शर्त अशी. पुस्तकानं मुलाच्या खांद्यावरचं काहीतरी उतरवलं पाहिजे, नवं काही चढवता कामा नये. ज्या गोष्टीत मुलाच्या प्रेमानं किंवा मुलाच्या एका पत्रानं बाप दारू सोडतो, ती गोष्ट मला धोकादायक वाटते. ती वाचून घरी गेलेलं मूल पत्र लिहील. आणि बापानं सोडली नाही तर? तर आपलं प्रेमच कमी पडलं असा निष्कर्ष ते काढेल. अशा गोड शेवटाचं पुस्तक कपाटातून काढा असं मी म्हणणार नाही, पण टीकाकारानं त्याला गोड म्हणून सोडून देऊ नये.

शिक्षक आणि ग्रंथपाल इथे असतील तर त्यांच्यासाठी एक शेवटचं. असं पुस्तक "हे तुझ्यासाठी आहे" म्हणत एखाद्या मुलाच्या हातात वर्गासमोर देऊ नका. त्यानं जे लपवलं आहे ते तुम्ही चारचौघांत उघडं पाडाल. पुस्तक इतर पुस्तकांच्या शेजारी, मुलाचा हात पोचेल अशा उंचीवर ठेवा. वाचल्यावर ते तुमच्याकडे आलं तर घाईनं सल्ला देऊ नका, आधी ऐकून घ्या.

प्लेटोला भीती होती की अशी गोष्ट ऐकून मूल बिघडेल. ज्या मुलाच्या घरी ती गोष्ट रोज घडते, त्याला आपण एवढंच सांगू शकतो की हे गुपित सांभाळायचं काम तुझं नाही. चांगलं पुस्तक हे सांगू शकतं, आणि म्हणून ते लिहिलं जावं.

 आता प्रश्न घेऊ.