तबकडीत न मावलेला बँड

वाइनट्राउब्स सिंकोपेटर्सची तबकडी ऐकून ‘हे काही अस्सल जॅझ नाही’ असा शेरा मारणं सोपं आहे. पण जरा थांबा. १९२४ साली बर्लिनमध्ये सुरू झालेल्या या बँडचे वादक रंगमंचावर वाद्यांची अदलाबदल करत, विनोदही करत. तबकडीच्या एका बाजूवर मावायची जेमतेम तीन मिनिटं, तीही नुसत्या आवाजाची. १९३०च्या ‘द ब्लू एंजल’मध्ये ते दिसतात, पण मार्लेन डीट्रिचच्या साथीला. बहुतेक वादक ज्यू. हिटलर सत्तेवर आल्यावर ते परदेशातच फिरत राहिले आणि १९३७मध्ये ऑस्ट्रेलियाला पोचले. बर्लिनचा रंगमंच कायमचा सुटला, तबकड्या तेवढ्या उरल्या. म्हणून निष्कर्ष लिहिण्याआधी स्वतःला विचारा: माझ्या साधनात काय मावलंच नाही?