देवाचे मौन आणि माणसाची श्रद्धा

घरातले कर्ते माणूस अंथरुणाला खिळते. नोव्हेना होते, मिस्सा अर्पण केली जाते, शेजारपाजारचे लोक संध्याकाळी जमून रोझरी म्हणतात. आणि तरीही एके पहाटे चर्चची घंटा त्याच घरासाठी वाजते. सांत्वनाला आलेली माणसे 'देवाची इच्छा' असे म्हणून उठतात. घरातल्यांच्या मनात मात्र एक प्रश्न उरतो. तो धर्मगुरूंसमोरही सहसा उच्चारला जात नाही. आपण इतक्या हाका मारल्या, तेव्हा देव गप्प का राहिला?

प्रश्न ईयोबाइतका जुना आहे. विसाव्या शतकात तो निर्भयपणे विचारणाऱ्या कॅथलिक लेखकांत जपानचे शुसाकू एन्दो (१९२३-१९९६) यांचे स्थान वरचे आहे. त्यांची कादंबरी १९६६ साली प्रसिद्ध झाली. तिचे नाव 'चिम्मोकु', म्हणजे मौन. विल्यम जॉन्स्टन या येशूसंघीय धर्मगुरूंनी १९६९ साली तिचा इंग्रजी अनुवाद केला आणि २०१६ साली मार्टिन स्कोर्सेसी यांनी तिच्यावर चित्रपट काढला.

आम्हा वसईकरांना या कादंबरीची भूमी परकी वाटू नये. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर मरण पावला. त्याच्यासोबत आणखी पंचवीस जण होते. १८६२ साली तो संतपदाला पोहोचला आणि आज गासचे चर्च त्याचे नाव मिरवते. आपण त्याचा सण साजरा करतो तेव्हा विजयाची कथा ऐकतो. एन्दो त्याच नागासाकीच्या परिसरातली, पुढच्या पिढीतली, पराभवाची कथा सांगतात. १६१४ साली जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली होती. रक्तसाक्षींची थडगी तीर्थस्थाने होतात, हे एव्हाना राज्यकर्त्यांना उमगले होते. म्हणून त्यांना आता धर्मगुरूंचे मरण नको होते, धर्मत्याग हवा होता.

कादंबरीचा नायक सेबास्तियांव रॉड्रिग्ज हा तरुण पोर्तुगीज येशूसंघीय. त्याचे गुरू फेरेरा यांनी जपानात छळाखाली धर्म सोडल्याची वार्ता येते. फेरेरा ही इतिहासातली खरी व्यक्ती, आणि त्यांचा १६३३ सालचा धर्मत्यागही खरा. वार्तेवर विश्वास न बसून रॉड्रिग्ज आपल्या सोबत्यासह गोवा आणि मकावमार्गे जपान गाठतो. किनाऱ्यावरच्या तोमोगी गावातले गरीब शेतकरी त्यांना दिवसा डोंगरातल्या झोपडीत लपवतात आणि रात्री त्यांच्यापाशी पापनिवेदन करतात.

मग अधिकारी येतात. ख्रिस्ताची वा मातेची प्रतिमा कोरलेली 'फुमिए' नावाची पाटी जमिनीवर ठेवायची आणि संशयिताने तिच्यावर पाय द्यायचा, अशी ही परीक्षा. काय करावे, असे मोकिची विचारतो. तेव्हा रॉड्रिग्जच कळवळून सांगतो की, द्या पाय. मोकिची आणि इचिझो पाय देतातही. पण पुढे क्रुसावर थुंकायला आणि पवित्र मातेविषयी अभद्र शब्द उच्चारायला सांगितले जाते, तेव्हा मोकिचीच्या डोळ्यांतून पाणी येते आणि जीभ उचलत नाही. कादंबरीतला हा मला सर्वांत हृद्य वाटणारा प्रसंग आहे. या अडाणी माणसाला धर्मशास्त्र ठाऊक नाही. प्रतिमेवर पाय दिल्यावरही एक जागा अशी उरते की जिथून तो मागे हटू शकत नाही, आणि ती जागा आईची आहे. घराघरांत रोझरी म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

दोघांना भरतीच्या पाण्यात खांबांना बांधतात. मोकिची स्तुतिगीत म्हणत राहतो, आवाज क्षीण होत जातो आणि शेवटी फक्त लाटा उरतात. लपून पाहणारा रॉड्रिग्ज हादरतो तो या मृत्यूंनी जितका, तितकाच त्यांच्यानंतर काहीच न बदलल्याने. समुद्र तसाच, आकाश तसेच. कादंबरीचे नाव येथे सार्थ होते.

पुढे तो पकडला जातो. स्वतःच्या देहाचे हाल सोसायला तो सज्ज आहे. गेथशेमाने आणि कालवारी यांच्याशी आपली वाट जुळते आहे, यात त्याला सूक्ष्म अभिमानही वाटतो. एन्दोंची लेखणी हा अभिमान नेमका हेरते. कोठडीत रात्री त्याला कुणाच्या तरी घोरण्याचा आवाज येतो आणि तो चिडतो. मग खुद्द फेरेरा त्याला सांगतात की, हे घोरणे नव्हे, खड्ड्यावर उलटे टांगलेल्या ख्रिस्ती माणसांचे कण्हणे आहे. त्यांनी धर्म केव्हाच नाकारला आहे. पण रॉड्रिग्ज नाकारत नाही तोवर त्यांची सुटका नाही. आपल्या दुःखात श्रद्धा टिकवणे कठीण खरे, पण आपल्या श्रद्धेची किंमत दुसऱ्याने मोजावी, ही कसोटी कितीतरी क्रूर आहे. पहाटे पाटी समोर येते. असंख्य पायांनी झिजलेला ख्रिस्ताचा चेहरा त्याला पाय द्यायला सांगतो. तो पाय देतो, आणि दूर कोंबडा आरवतो.

या प्रसंगावर जपानमधल्या काही कॅथलिकांनी तीव्र नाराजी दर्शवली होती. लेखकाने धर्मत्यागाचे समर्थन केले, हा त्यांचा आक्षेप. मला तो पूर्णतः मान्य नाही. तो कोंबडा लेखकाने उगाच आरववलेला नाही. पेत्राच्या नाकाराची आठवण देऊन त्याने नायकाला आरोपीच्या पिंजऱ्यातच ठेवले आहे. ऐकू आलेला आवाज ख्रिस्ताचा की व्याकूळ मनाचा, हेही तो ठामपणे सांगत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. ज्या मौनाचा भार लेखकाने कादंबरीभर इतक्या संयमाने वाढवत नेला, ते मौन तो अखेर एका सुशिक्षित धर्मगुरूसाठी मोडतो. समुद्रातल्या मोकिचीला कोणताही आवाज ऐकू आला नव्हता. त्याच्या मनात काय चालले होते, हे जाणून घ्यायलाही लेखक त्याच्याजवळ जात नाही. आपण त्याला किनाऱ्यावरून, रॉड्रिग्जच्या डोळ्यांनी पाहतो. बहुतेक भाविकांचे आयुष्य मात्र मोकिचीसारखे असते. आवाज येत नाही आणि गीत म्हणत राहावे लागते.

ही उणीव किचिजिरो या पात्राने बऱ्याच अंशी भरून निघते. हा दारुडा, भेकड कोळी पुनःपुन्हा पाटीवर पाय देतो, रॉड्रिग्जलाही पैशांसाठी पकडून देतो आणि प्रत्येक वेळी रडत पापनिवेदनासाठी परत येतो. आपण बलवान जन्मलो नाही, यात आपला काय दोष, हा त्याचा आक्रोश ऐकताना वाचक अस्वस्थ होतो. प्रारंभी तो यहुदा वाटतो. पण यहुदा परतला नाही, आणि हा परतत राहतो. अखेरच्या दप्तरी नोंदींत त्याच्याजवळ संतांची चित्रे असलेला ताईत सापडल्याचा उल्लेख येतो. लेखक कोरडेपणाने नोंद देतो आणि पुढे जातो. पण या माणसाची श्रद्धा मेली नव्हती, हे आपल्याला कळते.

येथे इतिहास कादंबरीच्या पुढे जातो. १६४४ नंतर जपानात एकही धर्मगुरू उरला नाही. नागासाकीच्या आसपासचे ख्रिस्ती दरवर्षी पाटीवर पाय देत आणि घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. त्या प्रार्थनेला ते पोर्तुगीज शब्दावरून 'कोंचिरिसान' म्हणत. बाप्तिस्मा त्यांनी स्वतःच चालवला. सुमारे सात पिढ्या अशा गेल्या. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावचे काही लोक आले. आमचे आणि तुमचे अंतःकरण एकच आहे, असे त्यांतल्या एका स्त्रीने फ्रेंच धर्मगुरू पेतिजां यांना हळूच सांगितले आणि पवित्र मातेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. त्यानंतरही त्यांचे भोग संपले नाहीत. तीन हजारांहून अधिक उराकामीकरांना हद्दपारी भोगावी लागली, आणि १८७३ सालीच बंदीचे फलक उतरले.

फुमिएवर पाय दिलेल्या माणसांची ही नातवंडे-पतवंडे. रॉड्रिग्जला समुद्रकाठी जे निव्वळ मौन वाटले, त्या मौनातच एक आई आपल्या मुलाला दबक्या आवाजात प्रार्थना शिकवत होती.

एन्दोंची कादंबरी आपल्याला सोपे सांत्वन देत नाही, आणि म्हणूनच ती वाचावी. कसोटीच्या काळात श्रद्धा टिकवणे म्हणजे कधीही न डगमगणे, अशी आपली समजूत असेल तर ती मोडते. गोन्सालो गार्सियाचे धैर्य सर्वांच्या वाट्याला येत नाही. पण ज्या घरात घंटेनंतर प्रश्न उरला आहे, त्या घरानेही संध्याकाळी पुन्हा जपमाळ हाती घ्यावी. उत्तर मिळाले म्हणून नव्हे, तर आपल्याआधी कितीतरी जणांनी उत्तराविना ती हाती घेतली आणि पुढच्या हाती दिली म्हणून. क्रुसावरच्या प्रभूनेही, पित्याने आपल्याला का सोडले, हे विचारले होते. तो प्रश्न त्याने विचारला, आणि तोही प्रार्थनेतच.