हाताने लिहिलेले पान : प्रारंभिक संकेतलेखनाच्या अध्यापनाची चिकित्सा

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या संगणकशास्त्रात सी प्लस प्लसच्या शेजारी एचटीएमएल हा घटक दीर्घकाळ समाविष्ट राहिला आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा संकेतलेखनाशी, म्हणजे संकेतस्थळाचे पान स्वतःच्या हाताने ओळ न् ओळ लिहिण्याशी, पहिला परिचय बहुधा येथेच होतो. परंतु या परिचयाचे स्वरूप चिंत्य आहे. विद्यार्थी खुणा पाठ करतो, त्या उत्तरपत्रिकेत कागदावर उतरवितो आणि गुण मिळवितो. आपण लिहिलेले पान कोणी वाचणार आहे ही जाणीव या व्यवहारात कोठेही उद्भवत नाही. प्रस्तुत लेखाचा रोख या अभावाकडे आहे.

एचटीएमएल ही मुळात सजावटीची भाषा नव्हे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या सुमारास जिनेव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत ती रचली, तेव्हा मजकुराचा कोणता भाग शीर्षक, कोणता परिच्छेद आणि कोणता दुवा एवढेच सांगण्याचे काम तिच्याकडे होते. पुढे ब्राउझर-कंपन्यांच्या स्पर्धेत फॉन्ट, सेंटर, मार्की यांसारख्या केवळ दिखाऊ खुणा तिच्यात शिरल्या. रूपाची जबाबदारी वाहण्यासाठी सीएसएस ही स्वतंत्र भाषा डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाणित झाली. एचटीएमएलच्या १९९७ मधील चौथ्या आवृत्तीने फॉन्ट व सेंटर या खुणा त्याज्य ठरविल्या, आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने त्यांना मार्कीसह कालबाह्यांच्या यादीत बसविले. असे असूनही 'सरकणारी अक्षरे' हे प्रात्यक्षिकाच्या वर्गातील हमखास आकर्षण राहिले. वाचकाला मजकुराच्या मागे धावायला लावणारी ही खूण वाचनीयतेच्या दृष्टीने जवळजवळ विनोदी आहे. पण तिच्यावर वर्गात टाळ्या पडतात, हेही खरे.

या अध्यापनातील मूलभूत अडचण मात्र यापेक्षा खोल आहे. सी प्लस प्लसमध्ये एखादा अर्धविराम राहिला तर संकलक काम थांबवितो व चूक दाखवितो. ब्राउझर असे काही करीत नाही. सदोष पान तो मुकाट्याने दुरुस्त करून दाखवितो. किंबहुना चुकलेल्या खुणांचा अर्थ कसा लावावा याचे नियमच पाचव्या आवृत्तीत सविस्तर दिलेले आहेत. ही क्षमाशीलता वाचकाच्या हिताची, पण शिकणाऱ्याच्या मुळावर येणारी आहे. पडद्यावर दिसले म्हणजे बरोबर आले, असा समज तिच्यामुळे दृढ होतो. वास्तविक चुका तपासण्याचे विनामूल्य साधन वेब कन्सॉर्शियमने फार पूर्वीच उपलब्ध करून दिलेले आहे. ते वर्गात किती वेळा उघडले जाते, हा प्रश्न प्रत्येक अध्यापकाने आपापल्या प्रयोगशाळेत विचारून पाहण्यासारखा आहे.

नवशिक्याने वर्सोव्याविषयी एक पान लिहावयास घेतले, अशी कल्पना केली तर या चर्चेला मूर्त रूप येईल. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोची बारा स्थानके त्याला द्यावयाची आहेत. टिंबांची यादी आणि क्रमांकांची यादी यांतील निवड येथे सौंदर्याची राहत नाही. वर्सोव्यानंतर डी. एन. नगर, मग आझाद नगर, मग अंधेरी, हा क्रम हीच माहिती आहे; म्हणून क्रमवार यादीची खूणच योग्य. त्यानंतर कोळीवाड्यातील मासळीचा तक्ता: स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, उपलब्धतेचा काळ. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, ही नोंदही त्यात येईल. या तक्त्याची पहिली ओळ नुसती ठळक केली तर डोळस वाचकाला ती शीर्षक-ओळ वाटेल. पण अंध विद्यार्थ्याच्या पडदावाचकाला 'बोंबील' आणि 'हार्पाडॉन नेहेरियस' यांचा संबंध कळावयाचा असेल, तर त्या पेट्या शीर्षक-पेट्या म्हणूनच लिहिल्या पाहिजेत. अक्षर मोठे दिसते म्हणून दुसऱ्या पातळीचे शीर्षक, लहान हवे म्हणून थेट चौथ्या पातळीचे, ही प्रारंभिक पानांतील सार्वत्रिक सवयही याच जातीची. पान 'परिणामकारक' आहे की नाही ते अशा ठिकाणी ठरते, आणि पडद्याकडे केवळ पाहून ते उमगत नाही.

मराठी पानाच्या बाबतीत तर लेखनाचा प्रश्न अक्षरापासूनच सुरू होतो. युनिकोड रूढ होण्यापूर्वी शिवाजी, किरण, योगेश, श्रीलिपी अशा फॉन्टांत टंकलेला मजकूर हा संगणकाच्या लेखी मराठी नव्हताच. रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरीचे रूप चढविलेले असे. फॉन्ट काढून घेतला की खाली निरर्थक रोमन अक्षरांची रांग उरे. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच स्थान मिळाले होते. तरीही त्यानंतर अनेक वर्षे असा मजकूर तयार होत राहिला, आणि त्यातील बराच भाग आज शोधयंत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. हा सांस्कृतिक तोटा तांत्रिक बाब म्हणून सोडून देता येत नाही; मराठीच्या अध्यापकांनी त्याची दखल घ्यावयास हवी होती. युनिकोडमध्ये 'वर्सोवा' हा शब्द सात संकेतांकांचा आणि यूटीएफ-८ पद्धतीत एकवीस बाइटचा आहे. पान कोणत्या पद्धतीत साठविले आहे हे पहिल्या १०२४ बाइटच्या आत सांगितले नाही, तर ब्राउझर अंदाज करतो आणि अंदाज चुकला की कोळीवाड्याची जागा विचित्र चिन्हे घेतात. विंडोजमधील नोटपॅडने २०१९ पासून यूटीएफ-८ ही मूळ निवड केली. त्यापूर्वी जुन्या पद्धतीत फाइल साठविताच सारी देवनागरी प्रश्नचिन्हांत बदलत असे. पाठ्यक्रमात रोमन लिपीतील उदाहरणेच असल्याने या संकटाशी विद्यार्थ्याची गाठ वर्गात पडत नसे. ती पडे थेट स्वतःच्या भाषेत लिहिताना, आणि तेव्हा मदतीला कोणी नसे.

भाषेची घोषणा हा आणखी एक दुर्लक्षित विषय. पानाच्या प्रारंभी भाषा 'एमआर', म्हणजे मराठी, असे नोंदविल्यास पडदावाचक योग्य उच्चारपद्धती निवडू शकतो. शिवाय ज्या फॉन्टांत सोय आहे तेथे ल आणि श यांची मराठी वळणे आपोआप येतात. अन्यथा हिंदी वळणे दिसतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने या वर्णांची मराठी रूपे निश्चित केली, पण शासननिर्णय ब्राउझरपर्यंत पोहोचतो तो या एका छोट्या नोंदीतून. रूपाच्या बाजूलाही असेच आहे. इंग्रजी पुस्तकांतून उचललेले अक्षरांमधील वाढीव अंतर देवनागरीची शिरोरेषा तोडते, आणि वेलांटी, रफार, उकार यांना ओळींमधील अंतर रोमनपेक्षा अधिक लागते.

आज तयार साच्यांची साधने आहेत, २००३ मध्ये अवतरलेले वर्डप्रेस आहे, आणि २०२२ नंतर तर मागणी करताच सबंध पान लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. मग हाताने लिहिण्याचा अट्टहास कशासाठी, असा आक्षेप घेतला जातो. हा आक्षेप निम्मा योग्य आहे. मोठे संकेतस्थळ हाताने चालविणे आज कोणी सुचविणार नाही. परंतु यंत्राने लिहून दिलेल्या पानातील तक्ता खरोखरच तक्ता आहे की चौकटींचा देखावा, हे ओळखण्यासाठी लेखन येणारा वाचक लागतो. मूल्यांकनासाठी महाविद्यालयांनी आपापल्या संकेतस्थळांवर चढविलेली कागदपत्रे पाहिली तरी हे पटते. सही-शिक्क्यांसह छायांकित केलेली मराठी परिपत्रके तेथे चित्ररूपात पडून असतात. त्यांतील एक शब्दही शोधता येत नाही, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याला ती ऐकताही येत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर हा केवळ सौजन्याचा विषय राहिलेला नाही.

म्हणून परीक्षेचा प्रश्नच बदलावा लागेल. खुणांची नावे विचारण्याऐवजी विद्यार्थ्याला त्याच्या परिसरावरचे एक सदोष मराठी पान द्यावे आणि ते तपासून दुरुस्त करण्यास सांगावे. वर्सोव्याच्या पानापुरते बोलावयाचे तर कोळ्यांचा 'दर्या' आणि सह्याद्रीच्या 'दऱ्या' यांतील भेद टिकविणे हाच एक उत्तम प्रश्न ठरेल. 'दऱ्या'मधील अर्धा र दोन रीतींनी टंकता येतो : ऱ या स्वतंत्र वर्णाने, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोध घेताना मात्र एकाने लिहिलेला शब्द दुसऱ्याने शोधला तर सापडेलच असे नाही.